गोडाचं स्टेशन

“नंदुरबार येऊ दे, मग.”

सासूबाईंचं हे एवढंच वाक्य. तेव्हा आम्ही उधन्याला राहायचो. यजमान लूमच्या कारखान्यात होते. मे महिन्यात आणि दिवाळीत तीन पोरं घेऊन आम्ही सुरत-भुसावळ पॅसेंजरनं अंमळनेरला निघायचो. गाडी चलथाण सोडायच्या आधीच धाकटा विचारायचा, “आजी, गूळ?” सासूबाईंच्या पदराला गाठ असायची आणि गाठीत गुळाचे तीन खडे. त्या रागवायच्या नाहीत, ‘नाही’ही म्हणायच्या नाहीत. नंदुरबार येऊ दे, मग, एवढंच म्हणायच्या. बारडोली गेलं, मढी गेलं, व्यारा गेलं. मढीला खमणीवाला चढायचा, ती घेतली जायची. नवापूरला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघायची. आणि नंदुरबारच्या फलाटावर गाडी थांबली की पदराची गाठ सुटायची. एकेक खडा. त्यानंतर अंमळनेरपर्यंत पोरं गुळाचं नाव काढत नसत.

तीस-पस्तीस वर्षं मी ही पद्धत नुसती पाहिली. ती मला कळली मात्र आता, आजी झाल्यावर, तीही एक सहल बिघडल्यावर.

आता आम्ही कामरेजला असतो. दिवाळीच्या सुट्टीत चार रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. हिऱ्याच्या कारखान्यातली मंडळी पोराबाळांसह सौराष्ट्रात गावी निघतात, प्रवासी गाड्या ओळीनं उभ्या असतात, आणि प्रत्येक पोराच्या हातात काहीतरी गोड असतंच. आमच्याकडे त्याच सुट्टीत जळगावहून लेक येते, तिची दोन मुलं येतात, आणि मुलाची दोन घरात असतातच. गेल्या वर्षी सगळे मिळून सापुताऱ्याला निघालो. कामरेज सोडताना मुलानं पेट्रोल भरलं आणि चौघांना थंड पेयाच्या बाटल्या घेतल्या. बारडोलीच्या अलीकडे जावईबापूंनी उसाचा रस पाजला. व्याऱ्याला सूनबाईनं चॉकलेटं वाटली, कारण मागच्या सीटवर भांडण लागलं होतं. आणि वघईला, घाट लागायच्या आधी, मी स्वतः पिशवीतले पेढे काढले. घाटाच्या तिसऱ्या वळणावर दोघांना उलट्या झाल्या. संध्याकाळी एकाही मुलानं भाकरीला हात लावला नाही, आणि रात्री दहाला चौघंही भुकेनं किरकिरत होती.

रात्री आम्ही मोठ्यांनी हिशेब मांडला. प्रत्येकजण म्हणाला, “मी तर एकदाच दिलं.” खरंच होतं ते. चौघांनी एकेकदाच दिलं होतं. पोरांनी त्यातलं एकही मागितलं नव्हतं, ही गोष्ट मला फार लागली. सुट्टीत मुलं गोड जास्त खातात असं आपण म्हणतो. सुट्टीत देणारे हात वाढतात, हे त्याचं खरं कारण आहे. घरी आई एकटी देते. सहलीला काका, मावशी, आजोबा, आत्या, सगळेच मायेनं देतात आणि कोणाचा कोणाला पत्ता नसतो.

म्हणून पोरींनो, आणि पोरांच्या बापांनो, तुम्हीही ऐका, पहिली गोष्ट मुलांची नाहीच. निघण्याआधी मोठ्यांनी आपसांत ठरवा, गोडाचा हात कोणाचा. एकाचाच. त्या दिवशी आजोबांचा असेल तर आईनंसुद्धा द्यायचं नाही. ज्याचा हात, त्याच्याच पिशवीत सगळं गोड. सासूबाईंच्या पदराला गाठ होती ती याचसाठी. माझ्या पदराला नव्हती, कारण सगळ्यांनी त्यांनाच मानलं होतं.

दुसरी गोष्ट स्टेशन. मुलाला ‘किती’ हे समजत नाही, ‘कुठं’ हे छान समजतं. “जास्त गोड खायचं नाही” असं सांगितलं तर जास्त म्हणजे किती यावर दिवसभर वाद चालतो. “तळ्यावर नावेत बसून आलो की” असं सांगितलं तर वाद संपतो आणि वाट पाहणं सुरू होतं. त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं. सकाळीच मुलांना विचारलं, आजचं स्टेशन कोणतं? त्यांनी सापुताऱ्याचं तळं निवडलं. काय खायचं तेही त्यांनीच ठरवलं, आइस्क्रीम. दुपारी जेवण झालं, नाव झाली, आइस्क्रीम झालं. वाटेत दहा दुकानं लागली. थोरल्या नातवानं धाकटीला स्वतःच सांगितलं, “आपलं स्टेशन यायचंय अजून.” स्टेशन जेवणानंतरचं असावं, हे मात्र सोडू नका. रिकाम्या पोटी दिलेलं गोड जेवण मारतं. आणि एकदा ठरवलेलं स्टेशन आलं की द्यायचंच. “आज खूप दंगा केलास, आता नाही” असं म्हणालात की उद्या तुमच्या स्टेशनावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

याच्याच पोटातली एक चूक सांगते, कारण ती आम्ही सगळेच करतो. व्याऱ्याला सूनबाईनं भांडण मिटवायला चॉकलेट दिलं. भांडण मिटलं, पण भांडलं की चॉकलेट मिळतं हेही चार मुलांना कळलं. गोड बक्षीस म्हणून नको, लाच म्हणून नको, आणि काढून घ्यायची शिक्षा म्हणूनही नको. नंदुरबारचा गूळ रडणाऱ्यालाही मिळायचा आणि शहाण्यालाही.

आता प्यायच्या गोष्टी. इथंच आपला हिशेब चुकतो, कारण प्यायलेलं आपण गोडात धरतच नाही. आमच्या भोवती सगळा ऊस. शेताशेतात शेरडी उभी, कामरेजचा सहकारी कारखाना, पलीकडे बारडोलीचा. आपल्या धुळे-नंदुरबारकडची, डांगची माणसं दर हिवाळ्यात कोयते घेऊन तोडीला येतात. रसवंतीला इथं चिचोडो म्हणतात आणि पाहुण्याला रस पाजणं ही रीतच आहे. पण रसात शेकडा १२ ते १५ साखर असते. पाव लिटरच्या आतला एक पेला घेतला तरी २५ ग्रॅमच्या वर जाते. बाटलीतल्या थंड पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेनं २०१६ साली २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २५ ग्रॅमच्या आत सांगितली, म्हणजे चहाचे सहा चमचे, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ती नकोच. म्हणजे आमच्या पोरांचा दिवसाचा वाटा बारडोली यायच्या आधीच संपला होता. नातवाच्या शाळेत आता साखरेचा फलक लावलाय. सीबीएसईनं २०२५ च्या मे महिन्यात तसं शाळांना कळवलं. कोणत्या पेयात किती चमचे, हे तोच मला वाचून दाखवतो. तेव्हा रस प्यायचा तर प्या, पण मग त्या दिवसाचं स्टेशन चिचोडो. आणि पौष्टिक म्हणून गूळ, मध हिशेबाबाहेर ठेवू नका, शरीराला ती साखरच.

गाडीत मूल थंड मागतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला तहान लागलेली असते. आधी पाणी द्या, दहा मिनिटं थांबा. ताक द्या, इथं कोणत्याही धाब्यावर छास मिळते.

शिदोरी भरलेली असली की निम्मं काम होतं. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, उकडलेल्या शेंगा, फुटाणे, केळी. हिवाळ्यात इकडे आलात तर पोंक घ्या. ज्वारीचा हुरडाच तो, सुरती लोक लिंबूमिऱ्याच्या शेवेबरोबर खातात, आणि मुलांना फार आवडतो. मे महिन्यात गलेली, आपले ताडगोळे. भरल्या पोटाचं मूल दुकानासमोर उभं राहून हट्ट करत नाही, हे मी पन्नास वर्षं पाहिलंय.

नातेवाइकांचं काय? हा प्रश्न लेक मला नेहमी विचारते. खानदेशात सुट्टीत चार घरं झाली की चार घरी लाडू. मावशीच्या हाताला नाही म्हणू नका, तिचं मन मोडतं आणि मुलालाही ते शोभत नाही. मुलाच्या हाती एक छोटा डबा द्या. मिळालेलं गोड डब्यात, “मावशी, जेवल्यावर खातो” असं म्हणून. संध्याकाळी डबा उघडायचा आणि मुलानं त्यातलं एक निवडायचं. उरलेलं सगळ्यांचं, वाटून खायचं किंवा घरी न्यायचं. आमच्या जळगावच्या नातीला डब्यातलं निवडणंच खाण्यापेक्षा जास्त आवडतं.

मात्र पेढे-बर्फी असली तर डब्यात दोन-दोन दिवस ठेवू नका. मावा गाडीच्या उकाड्यात लवकर बिघडतो. दुकानातल्या सुट्या मिठाईच्या परातीवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावायची, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. ती तारीख वाचून घ्या, आणि नसेल तर विचारा.

दातांसाठी एक सांगते. थोडं थोडं दिवसभर चघळणं हे एकदाच भरपूर खाण्यापेक्षा वाईट. प्रत्येक वेळी गोड तोंडात गेलं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दाताला ते पुढची वीस-तीस मिनिटं सोसावं लागतं. म्हणून प्रवासात तासन्‌तास चोखायच्या गोळ्या नकोत. रात्री हॉटेलात मुलं पेंगतात आणि ब्रश मोठ्या बॅगेच्या तळाशी असतो, म्हणून राहून जातं. ब्रश आईच्या पर्समध्ये असू द्या.

सणाच्या दिवशी मात्र हात आखडू नका. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी इथं चंदनी पडवो असतो. सुरतेचे लोक चांदण्यात रस्त्याकडेला सतरंज्या टाकून घारी खातात. मैद्याच्या पारीत मावा, बदाम-पिस्ते, वरून तुपाचा थर. सोबत तिखट भुसू घेतात. घारी जड असते. आम्ही एकीचे चार तुकडे करतो, प्रत्येक मुलाला एक, आणि भुसू हवं तेवढं. तुकडा लहान म्हणून आजवर कोणी रडलं नाही. त्या दिवशी दुसरं काही गोड घरात येत नाही, कारण त्या दिवसाचं स्टेशन तेच.

सासूबाईंना ग्रॅम माहीत नव्हते. त्यांच्या काळी साखर रेशनच्या कार्डावर मिळायची आणि गूळ जपून वापरावा लागायचा. आज कामरेजच्या चौकात पाच मिनिटांत दहा प्रकारचं गोड मिळतं, म्हणून गाठ आज जास्त घट्ट लागते. एक मात्र त्या कटाक्षानं पाळायच्या आणि मी ते वघईला विसरले होते. पोरांना नंदुरबारपर्यंत थांबवताना त्यांनी स्वतः कधी आधी गुळाचा खडा तोंडात टाकला नाही.

या सुट्टीत निघाल तेव्हा गाडी सुरू करण्याआधी मुलांना विचारा, आजचं स्टेशन कोणतं. आणि ते येईपर्यंत तुम्हीही काही गोड खाऊ नका.