वहीत न लिहिलेला आकडा

चि. मृण्मयीस,


तू पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो दोनदा पाहिले. भांडवल 4 लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त 2 टक्के तोटा, म्हणजे 8 हजार. भाव 900, स्टॉप लॉस 880, शेअरमागे 20 रुपये, म्हणून 400 शेअर. गणित बरोबर आहे. नियम लावून सौदा करतेस याचं मला मनापासून कौतुक वाटतं. असे 10 सौदे लागोपाठ फसले तरी 80 टक्क्यांहून जास्त भांडवल हातात राहतं; दर सौद्याला 10 टक्के पणाला लावणाऱ्याचं जेमतेम 35 टक्के उरतं.

पण एक आकडा तू लिहिलाच नाहीस. 400 गुणिले 900, म्हणजे 3 लाख 60 हजार. तुझे नव्वद टक्के पैसे एका शेअरमध्ये अडकलेत आणि वहीत धोका मात्र आठ हजारांचा आहे.

स्टॉप लॉस जितका जवळ लावशील, तितकी क्वांटिटी फुगते. शिवाय हे सूत्र धरून चालतं की 880 ला तुझे शेअर घेणारा कुणीतरी असेलच. इंडसइंड बँकेचा शेअर 10 मार्च 2025 ला असाच 900 च्या आसपास बंद झाला. संध्याकाळी बँकेने डेरिव्हेटिव्हच्या हिशेबात तफावत सापडल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी भाव उघडलाच 810 च्या जवळ आणि बंद होताना 656 च्या घरात होता. मधे 880 चा भाव आलाच नाही. तुझे 400 शेअर त्यात असते, तर उघडल्या उघडल्या विकूनही 36 हजार गेले असते. ‘जरा वर येऊ दे, मग काढते’ म्हणत थांबली असतीस तर लाखाच्या जवळपास. आणि स्टॉप लॉसची ऑर्डर लिमिटची असेल, तर ती तशीच पडून राहते.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. मार्च 2020 मध्ये माझ्याकडे पाच पोझिशन होत्या, प्रत्येकी 2 टक्क्यांच्या. पाचही बँका आणि फायनान्स कंपन्या. 23 तारखेला सकाळीच 10 टक्क्यांचं सर्किट लागलं, 45 मिनिटं व्यवहार थांबले. स्क्रीनवरचे आकडे हलत नव्हते आणि मी तुझ्या काकांना सारखी विचारत होते, आता काय करू. सेन्सेक्स त्या दिवशी 13 टक्के पडला. पाच सौदे समजत होते, तो एकच सौदा होता.

निफ्टी फ्युचरचं तू विचारलंस. सेबीने 2024 मध्ये कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत 15 लाखांवर नेली. अर्धा लॉट मिळत नाही. 4 लाखांत तिथे तुझा नियम नीट बसणारच नाही, तेव्हा ते सोड.

यापुढे क्वांटिटी दोनदा काढ. एकदा तुझ्या सूत्राने, आणि एकदा एका शेअरमध्ये पाव भांडवलाहून जास्त नाही, या हिशेबाने. दोन्हींतली कमी असेल तीच घे. कंपनीचा निकाल असेल त्या रात्रीसाठी तीही निम्मी कर.

उद्या सव्वानऊला बाजार उघडला की त्या 400 मधले 300 शेअर विक आणि मला फोन कर.

तुझी,
मावशी