घर्षणाचा पाठ, गाडीचे टायर आणि सात अंश सेल्सिअस

घर्षण शिकवताना आपण टायरचं उदाहरण हमखास देतो. "टायरला नक्षी असते म्हणून गाडी घसरत नाही" हे वाक्य सांगतो, फळ्यावर लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. वाक्य चूक नाही, पण ते अर्धंच आहे. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या दिवशी वापरायचे टायर पूर्ण गुळगुळीत असतात, त्यांच्यावर नक्षीचा मागमूसही नसतो, आणि तरी ते रस्त्याला घट्ट धरून राहतात. नक्षीचं काम पाणी बाजूला सारणं आणि बर्फात रुतून पकड घेणं. कोरड्या डांबरावर खरी पकड येते ती रबरातून. आणि रबर थंडीत बदलतं. पाठातला राहून जाणारा भाग तो हा.

आठवी ते दहावीच्या मुलांना हे शिकवायला एक छान प्रश्न आहे. आपली कितीतरी मुलं आता सिएटल, अटलांटा, डॅलस अशा शहरांत नोकरीला आहेत. तिथला हिवाळा सौम्य. दोन-चार वर्षांनी हौसेने एखादी जोरदार गाडी घेतली जाते, आणि अशा गाड्यांना अनेकदा कारखान्यातूनच उन्हाळी टायर बसवलेले असतात. मग नोव्हेंबरात घरच्या व्हिडिओ कॉलवर विषय निघतो: "इथे बर्फ फारसा पडत नाही, मग टायर बदलायचे कशाला? आणि बदललेच तर ऑल-सीझन पुरतील का?" पुण्या-नाशिकला बसलेल्या आई-बाबांना वाटतं, बर्फ नाही ना, मग काळजी कसली. वर्गात हाच प्रश्न टाकून बघा. नव्वद टक्के मुलं आई-बाबांच्याच बाजूने बोलतील.

इथे मुलांना एक प्रसिद्ध प्रयोग सांगावा. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी यानाच्या सांध्यात वापरतात त्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबला, बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात ठेवला, बाहेर काढून चिमटा सोडला. तुकडा लगेच मूळ आकारात आला नाही. थंड रबर वेळेवर उसळी घेत नाही, हे सगळ्यांना समोर दिसलं. आपल्याकडे यासाठी रबर बँड, दोन-तीन वेगवेगळी खोडरबरं आणि फ्रीज पुरतो. सगळी रबरं सारखी कडक होत नाहीत, हेही मुलांच्या लक्षात येतं, आणि ते महत्त्वाचं आहे.

टायरचंही तसंच. रस्ता आपल्याला सपाट दिसतो, पण जवळून बघितला तर तो खडीच्या बारीक टोकांचा असतो. मऊ रबर त्या टोकांभोवती दबतं, खाचांत शिरतं, पुन्हा उसळतं. पकड यातून तयार होते. (म्हणूनच "घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं" हा पुस्तकातला नियम रबराला नीट लागू होत नाही. एखादं हुशार पोर विचारतंच, "मग रुंद टायर कशाला लावतात?" त्याला गप्प बसवू नका, त्याचा प्रश्न बरोबर आहे.) उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या रस्त्यावर उत्तम चालेल असं मिसळलेलं असतं. हवा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की ते ताठर होऊ लागतं. सात अंश म्हणजे काही दिव्याचं बटण नव्हे; आठला चालू, सहाला बंद असं होत नाही. पकड हळूहळू कमी होते, आणि चालवणाऱ्याला ती कमी झाल्याचं कळत नाही, जोपर्यंत जोरात ब्रेक दाबायची वेळ येत नाही. उणे ७ अंशांच्या आसपास तर उन्हाळी टायरच्या पृष्ठभागाला तडे जाऊ शकतात, असा इशारा काही गाड्यांच्या माहितीपुस्तकातच असतो.

आता सिएटल घ्या. जानेवारीतली पहाट साधारण ३ अंशांची, दुपार ८-९ अंशांची, आणि रस्ता बहुतेक वेळा ओला. बर्फ वर्षात मोजके दिवस. म्हणजे बर्फाचा कण नसतानाही ऑफिसला जायच्या वेळी रबर ताठरच. म्हणून टायर निवडताना "तुमच्याकडे बर्फ किती पडतो?" हा पहिला प्रश्न नव्हे. "तू घरातून निघतोस तेव्हा बाहेर किती अंश असतात?" हा पहिला प्रश्न.

थोडं गणित करू. थांबायचं अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण). वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरा. गुणांक ०.८ असेल तर अंतर २५ मीटर. ०.५ असेल तर ४० मीटर. ०.२, म्हणजे दाबून बसलेल्या बर्फासारखी अवस्था, तर थेट १०० मीटर. हे आकडे वर्गातल्या सरावासाठी धरलेले आहेत, कुठल्या टायरचे नाहीत. पण २५ आणि ४० मधले १५ मीटर मैदानावर पावलांनी मोजायला लावा. तेवढ्या जागेत तीन गाड्या उभ्या राहतात, हे मुलांना एकदम पटतं.

मग ऑल-सीझन म्हणजे नेमकं काय? तो मधला मार्ग आहे. रबराच्या मिश्रणात थंडीतही लवचीकपणा टिकेल असे घटक, सिलिकाचा वापर, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा. या चिरांच्या कडा ओल्या आणि हलक्या बर्फाच्या रस्त्याला धरतात. अमेरिकेत १९७७ साली गुडइयरच्या टिएम्पो टायरपासून हा प्रकार घरोघरी पोचला. पण मधल्या मार्गाची किंमत असते. जुलैत हा टायर उन्हाळी टायरइतका वळणावर धरत नाही, आणि खऱ्या बर्फात हिवाळी टायरची बरोबरी करत नाही. जोरदार गाड्यांसाठी यातला वेगळा वर्ग मिळतो, दुकानात त्याला 'अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन' म्हणतात. स्टिअरिंगला प्रतिसाद चांगला, वेगाची क्षमता जास्त. माझ्या मते, सात अंशांच्या खाली-वर खेळणाऱ्या, पावसाळी, जवळजवळ बर्फमुक्त शहरासाठी हीच निवड योग्य आहे.

'जवळजवळ' हा शब्द मात्र जपून वापरावा. सिएटलहून तासाभरावर स्नोक्वाल्मी घाट आहे, उंची सुमारे ९२० मीटर, आणि तिथे हिवाळ्यात भरपूर बर्फ असतो. शनिवारी-रविवारी स्कीइंगला जायचं तर हिशेब बदलतो. तसंच अटलांटाचं. २८ जानेवारी २०१४ ला तिथे जेमतेम सहा-सात सेंटीमीटर बर्फ पडला, तो वितळून पुन्हा गोठला, आणि सगळं शहर रस्त्यावर अडकलं. कित्येक मुलांना शाळेतच रात्र काढावी लागली, काही शाळेच्या बसमध्ये अडकून राहिली. गोठलेल्या काचेसारख्या थरावर ऑल-सीझन टायरचा भरवसा धरू नये. त्या दिवशी घरी राहणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे.

आता टायरच्या बाजूवरची अक्षरं. हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो, कारण तो शाळेच्या पार्किंगमध्येच शिकवता येतो. टेस्लाच्या मॉडेल ३ परफॉर्मन्सवर काही वर्षं असलेला आकार घेऊ: २३५/३५ आर २० ९२ वाय. रुंदी २३५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ३५ टक्के, म्हणजे सुमारे ८२ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, २० म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९२ हा भाराचा निर्देशांक, एका टायरला ६३० किलो. 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची क्षमता. 'एच' २१०, 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७०. मुलं हसतात, "इतक्या वेगाने कोण जातंय?" पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं. ऑल-सीझन घेताना भाराचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नये, आणि वेगाचं अक्षर शक्यतो खाली आणू नये.

पुढे दोन खुणा, ज्यात बरेच लोक फसतात. 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, ही खूण नक्षीच्या रचनेवरून मिळते. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चित्र असेल, तर तो टायर दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. काही ऑल-सीझनवर हे चित्र असतं, काहींवर नसतं. घाटात जाणाऱ्याने चित्र बघूनच घ्यावा. वॉशिंग्टन राज्यात घाटात 'ट्रॅक्शन टायर' लावण्याची पाटी लागते तेव्हा 'एम प्लस एस'सुद्धा चालतो. जर्मनीत मात्र ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत डोंगर-हिमकणाचंच चित्र ग्राह्य धरतात. कायद्यात बसणं आणि गाडी थांबणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि इथे मला जर्मन नियम जास्त शहाणपणाचा वाटतो.

वय कळतं ते चार आकड्यांवरून: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. झीज कळते खाचांतल्या छोट्या पट्ट्यांवरून, त्या १.६ मिलिमीटरला रस्त्याच्या पातळीत येतात. पावसासाठी तेवढ्यावर थांबू नये, ३ मिलिमीटरलाच बदललेले बरे. कॉन्टिनेन्टलच्या एका ऑल-सीझन टायरच्या नक्षीत डी, डब्ल्यू, एस ही अक्षरं कोरलेली असतात: कोरडं, ओलं, बर्फ. आधी 'एस' झिजून जातो, मग 'डब्ल्यू'. वर्गात दाखवायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि बदलायचे तर चारही एकदम. पैसे वाचवायला पुढे दोन नवे आणि मागे जुने ताठर उन्हाळी ठेवले, तर थंड ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते आणि गाडी भिंगरीसारखी फिरते.

शेवटी वायूच्या नियमाचं एक उदाहरण गृहपाठाला द्या. २५ अंशांना टायरमध्ये ३५ पीएसआय हवा भरली. पहाटे ३ अंश झाले. वातावरणाचा दाब १४.७ मिळवा, तापमान केल्विनमध्ये घ्या: ४९.७ × २७६ ÷ २९८ = सुमारे ४६. त्यातून १४.७ वजा केले की उरतात ३१.३. पंक्चर नाही, गळती नाही, तरी जवळपास ४ पीएसआय कमी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून परदेशातून फोन आला, तर मुलं उत्तर देऊ शकतील. फक्त हवा सकाळी, गाडी काढण्याआधी, थंड टायरवर मोजायची.