कंपनीचं कार्ड आणि स्वतःची पॉलिसी

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी हिंजवडीतली नोकरी सोडली. नवी नोकरी 22 दिवसांनी सुरू होणार होती. मधल्या काळात एका रात्री त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि सकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. भरती करताना त्याने जुन्या कंपनीचं विम्याचं कार्ड पुढे केलं. नोकरीच्या शेवटच्या दिवशीच त्यातून त्याचं नाव कमी झालं होतं. बिल झालं 92 हजार. बहिणीने एफडी मोडून ते भरलं. ‘मला वाटलं, महिनाभर तरी चालत असेल,’ तो म्हणाला. असं वाटणारी मुलं-मुली मला रोज भेटतात, म्हणून हे लिहिते आहे.

कंपनीचा गट विमा चांगलाच असतो. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून जुने आजारही त्यात धरतात. पण तो नोकरीला बांधलेला. राजीनामा देतानाच एचआरला विचारा: याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का? तसं जाता आलं तर आधीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे काही आजारांसाठी दावा मिळेपर्यंत थांबायची मुदत, जमेस धरला जातो. अर्ज मात्र गट विमा चालू असतानाच करायचा; कंपनी तब्येत पाहून हप्ता ठरवते.

आता खर्चाचं. पंचविशीतल्या, मोठा आजार नसलेल्या माणसाला 5 लाखांच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता साधारण 6 ते 10 हजार पडतो. शहर, कंपनी आणि सोयींप्रमाणे तो खालीवर होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी उठला आहे, त्यामुळे कोणी अजून जीएसटी लावून आकडा सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवा. कलम 80डी खाली स्वतःच्या हप्त्यावर 25 हजारांपर्यंत वजावट मिळते, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत असाल तर ‘टॅक्स वाचतो’ हे एजंटचं वाक्य तुमच्यासाठी नाही.

आईबाबांच्या फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्र पॉलिसीत अवलंबून असलेलं मूल साधारण 25 व्या वर्षापर्यंत राहतं. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणून कमावते झालात की आपली पॉलिसी वेगळी काढलेली बरी.

लवकर घ्यायची ती प्रतीक्षाकाळासाठी. अपघात सोडला तर पहिले 30 दिवस काहीच मिळत नाही. हर्निया, खडे, मूळव्याध अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत 2 ते 3 वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारासाठी एप्रिल 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त 36 महिने आहे. पूर्वी 48 होती. सलग 60 महिने हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. चोविसाव्या वर्षी सुरुवात केली तर एकोणतिसाव्यापर्यंत हे सगळं मागे पडतं. एकोणतिसाव्या वर्षी साखर निघाली आणि मग अर्ज भरायला बसलात, तर हप्ता वाढतो, प्रतीक्षा नव्याने सुरू होते, कधी अर्जच परत येतो.

स्वस्त पॉलिसीत फसवणारी ओळ बहुतेक वेळा खोलीभाड्याची असते. समजा 3 लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडं रोज 1 टक्का, म्हणजे 3 हजार. तुम्ही 6 हजारांची खोली घेतली, चार दिवस राहिलात, बिल झालं 1 लाख 20 हजार. त्यात खोलीचे 24 हजार, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटरचे 66 हजार, औषधं व तपासण्यांचे 30 हजार. वाटतं की खोलीचे 12 हजार तेवढे खिशातून जातील. पण खोली दुप्पट भाड्याची म्हणून सर्जन-थिएटरचे पैसेही निम्मेच मंजूर होतात: 33 हजार. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. कंपनी देते 75 हजार, तुम्ही भरता 45 हजार. वर्षाला हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील, खोलीभाड्याची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या, असं मी आग्रहाने सांगते.

सुपर टॉप-अपही तरुणांना खूप विकतात. 5 लाखांवरच्या बिलासाठी तो स्वस्तात मिळतो आणि कंपनीच्या विम्याला चांगली जोड होते. पण पहिले 5 लाख कोण भरणार? नोकरी सुटली की तुम्हीच. भाच्याच्या 92 हजारांत त्यातला एक रुपया आला नसता.

पगार महिना 21 हजारांपर्यंत असेल आणि तुमची आस्थापना ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल तर पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के घालतो. 20 हजारांच्या पगाराला तुमचे 150 रुपये. एवढ्यात तुम्हाला आणि अवलंबून असलेल्या कुटुंबाला उपचार मिळतात. हप्त्यांची अट पूर्ण असेल तर आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतनही मिळतं. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण विमा क्रमांक माहीत नाही, घरच्यांची नावं जोडलेली नाहीत, असं फार वेळा होतं. या आठवड्यातच विचारून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे: कुटुंबाला वर्षाला 5 लाख, हप्ता शून्य. यादीतले उपचार आणि अंगीकृत रुग्णालय एवढी अट. तिथे आरोग्यमित्राला गाठायचं. रेशनकार्डावर आपलं नाव आहे ना, ते आजच बघा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाख.

दावा नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल आहे. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही.

भाच्याने आता स्वतःची 5 लाखांची पॉलिसी काढली. कागद घरी आल्यावर मी त्याला अर्जाची प्रत उघडायला लावली. ‘पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का’ या प्रश्नापुढे एजंटने ‘नाही’ भरलं होतं. पसंत नसेल तर पॉलिसी परत करायला 30 दिवस असतात. त्याने आठव्या दिवशीच कंपनीला ईमेल केला, डिस्चार्ज कार्ड जोडलं आणि दुरुस्त प्रत मागवून घेतली. हप्ता तेवढाच राहिला.