शीर तुटली, पंजा वाळला. ताकदीच्या इंजेक्शनाने भरेल काय?

मनगटाला खिडकीची काच लागून दोन महिने झालेला एक तरुण परवा दवाखान्यात आला. जखम भरली होती, पण अंगठा व तर्जनीमधला मांसल भाग खोल गेला होता आणि करंगळी वाकू लागली होती. ‘डॉक्टर, ताकदीचे इंजेक्शन द्या,’ एवढेच मागणे. व्यायामशाळेतल्या कोणीतरी नॅन्ड्रोलोनचे नाव कागदावर लिहून दिले होते.

आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही. घोटाळा तिथेच होतो. कातडीला टाके पडले, रक्त थांबले, पण आतला अल्नर मज्जातंतू तुटलेलाच राहिला. जखम झाल्याच दिवशी बोटे फाकवता येतात का, करंगळीला स्पर्श कळतो का, एवढे पाहिले असते तर हे कळले असते.

मज्जातंतूचा हुकूम बंद पडला की स्नायू काही आठवड्यांतच वाळू लागतो. जोडलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर वाढतो. मनगटापासून पंजापर्यंत तीन-चार महिने. दंडात तुटला तर वर्ष उलटते. दीड वर्षानंतर तंतू पोचला तरी स्नायू फारसा उठत नाही. म्हणून घाई जोडण्याची करावी.

नॅन्ड्रोलोन, क्लेनब्युटेरॉल यांचे प्रयोग प्राण्यांवर झाले. काहींत वाळणे मंदावलेही. माणसात मात्र तुटलेल्या तंतूमुळे वाळणारा स्नायू वाचवते असे सिद्ध झालेले औषध अजून नाही. नॅन्ड्रोलोनने हृदयाला अपाय होतो, पुरुषाचे शुक्रजंतू घटतात. मिथाइलकोबालामिनच्या गोळ्या आम्ही डॉक्टर सर्रास लिहितो, मीही लिहितो. बी-१२ कमी असेल तर गुण येतो, पण तुटलेला तंतू त्याने जुळत नाही.

कुष्ठरोगाची गोष्ट वेगळी. तिथे तंतू तुटलेला नसतो, सुजलेला असतो. बोटांची शक्ती गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू झाले, तर पुष्कळांचा हात वाचतो. कोपरामागे ठणका, करंगळीला बधिरपणा, अंगावर न खाजणारा चट्टा असेल, तर सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाची औषधे तिथे मोफत मिळतात. हेच प्रेडनिसोलोन मनाने महिनोन्महिने खाल्ले, तर मांड्यांचे स्नायू वाळतात, हेही ध्यानात असू द्या.

तरुणाला चिठ्ठी देऊन मेडिकल कॉलेजच्या प्लॅस्टिक सर्जनकडे पाठवले. तोवर दुसऱ्या हाताने बोटे दिवसातून चार-पाच वेळा सरळ करायची आणि बधिर बाजूने चहाचा पेला धरायचा नाही, असे बजावले. नॅन्ड्रोलोनचा कागद त्याने टेबलावरच ठेवला. एखादे इंजेक्शन आधी घेतले होते का, हे मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही.