पास काढू की तिकीट? — एक घरगुती ब्रेक-इव्हन

ब्रेक-इव्हन पॉइंट आपल्याला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात आठ मार्कांना येतो. दोन रेषा काढायच्या, छेदतात तिथे बाण दाखवायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मीही तेवढंच केलं होतं. पण २०२४ च्या नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन जपानला जायचं ठरलं आणि त्या दोन रेषा घरी जेवणाच्या टेबलावर येऊन बसल्या. एक रेषा रेल्वे पासची, दुसरी सुट्या तिकिटांची.

दादा तिकडे नोकरीला आहे, टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईला. तिथे इतके भारतीय राहतात की इडलीचं पीठ शोधावं लागत नाही. दादाने राहायची सोय केली, खर्च बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातून आणि प्लॅनिंग माझ्याकडे, कारण 'हा इंजिनिअर होतोय'.

आधी आमच्या घरचा पासचा इतिहास सांगतो. मी सातवीत असताना बाबांनी एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा सात दिवसांचा पास काढला होता. साताऱ्याहून निघून पंढरपूर, तुळजापूर, वेरूळ, शिर्डी, नाशिक आणि परत. बाबांचं एकच धोरण होतं, पास वसूल झाला पाहिजे! त्यामुळे दोन रात्री एसटीतच काढल्या आणि वेरूळला चाळीस मिनिटं मिळाली. कैलास लेणं आम्ही जवळजवळ धावत पाहिलं. आई अजून म्हणते, "मी अर्धा महाराष्ट्र खिडकीतून पाहिलाय." तेव्हा 'या वेळी धावपळ नको' ही आईची अट होती आणि 'पास काढलेला बरा' हे बाबांचं मत.

आता जपानचं गणित. तिथला देशभर चालणारा जपान रेल पास पूर्वी खरोखर स्वस्त होता. सात दिवसांचा साधा पास परदेशातून घेतला तर २९,६५० येनला मिळायचा. टोकियो ते क्योतो नोझोमी या सर्वात जलद शिनकानसेनचं आरक्षित तिकीट १४,१७० येन (हंगामाप्रमाणे दोन-चारशे इकडेतिकडे), म्हणजे जाऊन-येऊन २८,३४०. त्यात आणखी एखादी छोटी फेरी केली की पास वसूल! म्हणून जो तो सांगायचा, जपानला जाताय ना, डोळे मिटून पास घ्या. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच पास ५०,००० येनला गेला. सल्ला मात्र जुनाच फिरत राहिला. दादाच्या ऑफिसातल्या तिघांनी मला तोच दिला. तिघेही २०२३ च्या आधी फिरलेले.

मी होस्टेलवर सबमिशनच्या फाइली बाजूला सारून एक्सेल शीट उघडली. आमचा पहिला बेत टोकियो–क्योतो–टोकियो आणि मध्ये क्योतोहून एका दिवसात हिरोशिमा असा होता. क्योतो–हिरोशिमा एका बाजूचे साधारण साडेअकरा हजार, म्हणजे जाऊन-येऊन २३,०००. एकूण बेरीज सुमारे ५१,३४०. पास ५०,०००. बरोब्बर ब्रेक-इव्हनवर! हिरोशिमा धरलं तर पास तेराशे येनने स्वस्त आणि वगळलं तर जवळजवळ बावीस हजारांनी महाग.

तेराशे येन म्हणजे त्या वेळच्या भावाने सातशे रुपये. त्यासाठी काय काय सोसायचं याची दुसरी शीट केली आणि ती जास्त बोलकी निघाली.

पहिलं म्हणजे पासवर नोझोमीत नुसतं बसता येत नाही, जादा पैसे पडतात. टोकियो–क्योतोला एका वेळचे ४,९६०. ते भरले की तेराशेचा फायदा गेलाच. न भरता हिकारी गाडी चालते, पण ती तासाला दोनच असतात आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर वेळ जास्त घेते. दुसरं, सात दिवस सलग मोजतात. पहिला दिवस संध्याकाळी सुरू केला तरी तो पूर्ण दिवस धरतात. म्हणजे महागडी सगळी फिरती त्या सात दिवसांत कोंबायची. हे वाचताच मला वेरूळ आठवलं. तिसरं, हा पास जेआर कंपन्यांच्या गाड्यांना चालतो. दादाच्या घराजवळची तोझाई लाइन टोकियो मेट्रोची, तिथे त्याचा उपयोग शून्य. क्योतोतल्या सिटी बसलाही नाही.

चौथी गोष्ट मी वाचली नसती तर चांगलीच फजिती झाली असती. हा पास फक्त अल्पकाळासाठी आलेल्या पर्यटकाला मिळतो आणि पासपोर्टवर तसा शिक्का लागतो. दादा तिथे वर्क व्हिसावर असल्याने त्याला पास नाही. म्हणजे आम्ही तिघं पासवाले आणि दादा तिकीटवाला. एकाच कुटुंबात दोन नियम आणि सगळ्यांनी एकाच गाडीत बसायचं असेल तर वेळापत्रक पासवाल्यांचं.

यावर तोड दादाने फोनवर सहज बोलता बोलता काढली. "अरे, परत टोकियोला येताच कशाला? ओसाकाच्या कानसाई विमानतळावरून उडा की." माझ्या शीटमध्ये परतीचं गाव हा कॉलमच नव्हता! प्रॉब्लेममध्ये जे दिलेलं असतं ते बदलता येत नाही अशी आपल्याला परीक्षांनी सवय लावलेली आहे. विमानाचं तिकीट माणशी हजारेक रुपयांनी वाढलं, पण क्योतो–टोकियोचे १४,१७० येन वाचले.

मग पश्चिमेकडच्या भागापुरता एक छोटा पास सापडला, कानसाई-हिरोशिमा एरिया पास, पाच दिवस, तेव्हा १७,००० येन. शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकानसेन त्यात येते, नोझोमीसुद्धा. मियाजिमा बेटाची जेआरची फेरी येते (बेटावर जायचा शंभर येनचा कर तेवढा वेगळा), नारा येतं आणि क्योतोहून विमानतळाला जाणारी हारुका गाडीही येते. क्योतो ते शिन-ओसाका मात्र शिनकानसेनने नाही, साध्या लाइनवरच्या जलद गाडीने जायचं. वेळ अर्ध्या तासापेक्षा कमी, तक्रार नाही.

म्हणजे माणशी १४,१७० चं सुटं तिकीट आणि १७,००० चा पास, एकूण ३१,१७०. तिघांचे ९३,५१०. देशभराचा पास घेतला असता तर १,५०,०००. छप्पन हजार येन, म्हणजे तीसेक हजार रुपये वाचले. ना नुसता पास, ना नुसती तिकिटं. बाबांना आकडा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "दोनदा तपासलंस ना?" एवढंच विचारलं. आमच्या घरी याला शाबासकी म्हणतात.

इथवर माझी फुशारकी झाली. आता चूक सांगतो.

बेत ठरत असताना बाबा हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयाबद्दल वाचून दाखवत होते. तिथे एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा ठेवलेला आहे, बॉम्बने जळलेला, आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "मला तो डबा बघवायचा नाही रे." मी "हो, हो" म्हटलं आणि शीटमध्ये तिघांसाठी गुणिले तीन केलं.

क्योतोला आम्ही पाच रात्री होतो. पानं लाल झालेली, आई खुशीत होती. नाऱ्याला हरणांना बिस्किटं चारून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरोशिमाला निघायच्या वेळी आई बूट घालेना. "तुम्ही जाऊन या. मी येत नाही."

बाबांच्या तोंडून निघालंच, "अगं, सतरा हजारांचा पास आहे! वाया जाईल."

"अहो, पासचे पैसे गेलेत. मी गेले काय, न गेले काय, ते परत येणारेत का?"

संक कॉस्टची इतकी स्वच्छ व्याख्या मला कुठल्या लेक्चरला मिळाली नव्हती. दादा शनिवार-रविवार जोडून क्योतोला आला होता. त्याला पास मिळत नव्हताच आणि २३,००० येन घालायची इच्छाही नव्हती. तो आईजवळ थांबला. दोघं दिवसभर कामो नदीकाठी फिरली.

रात्री मी शीट नव्याने मांडली. बाबांचा आणि माझा पास वसूल झाला होता. नारा, हिरोशिमा आणि विमानतळ सुटं काढलं असतं तर माणशी सुमारे अठ्ठावीस हजार झाले असते. दोघांचे बावीस हजार वाचले. आईला लागणार होतं नारा आणि विमानतळ, म्हणजे जेमतेम पाच हजार. तिचे बारा हजार येन, साडेसहा हजार रुपये, बुडाले. एकंदरीत आम्ही फायद्यातच होतो, पण हे बारा हजार टाळता आले असते. आईने माहिती दिली होती, मीच ती डेटा म्हणून धरली नाही. तिला सुटी तिकिटं, आम्हा दोघांना पास, असं करायला कुणी अडवलं होतं? 'फॅमिली ट्रिप' म्हणताना आपण फॅमिलीला एक युनिट धरतो आणि डोक्यांनी गुणतो. खरं तर प्रत्येकाची ओळ वेगळी मांडायला हवी, त्याला कुठे जायचंय, किती चालवतं, काय बघवतं ते विचारून.

हिरोशिमाहून परतलो तेव्हा आई हॉटेलच्या खोलीत जागीच होती. दादा रात्रीच्या बसने टोकियोला निघाला होता. त्याचं तिकीट आमच्या सगळ्या हिशोबात सर्वात स्वस्त. बाबा हात-पाय धुवायला गेले. आईने आमच्यासाठी ठेवलेली ओनिगिरी काढून दिली आणि हळूच विचारलं, "होता का रे तो डबा?"

"होता."

"बरं," ती म्हणाली, "खाऊन घे आधी."