घटक ५ : प्रवासवर्णनातील यजमान – स्थानिकांच्या नजरेतून प्रवासी

५.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• प्रवासी आणि स्थानिक यांच्यातील नात्याचे प्रमुख प्रकार सांगता येतील.
• खानदेशच्या संदर्भात या नात्याचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करता येतील.
• परदेशात गेलेल्या मराठी व्यक्तींकडे तेथील समाजाने कसे पाहिले, याची चर्चा करता येईल.
• कोणतेही प्रवासवर्णन स्थानिकांच्या बाजूने वाचता येईल.

५.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये अभ्यासली. प्रवासवर्णनाचा लेखक हा पाहणारा असतो. निसर्ग, वास्तू, माणसे, चालीरीती यांचे तो निरीक्षण करतो आणि आपले अनुभव वाचकांपुढे मांडतो. मात्र ज्या गावात तो जातो तेथील माणसेही त्याच वेळी त्याला पाहत असतात. त्याचा पेहराव, बोली, हातातील सामान, पैसे खर्च करण्याची रीत या सर्वांवरून ती त्याच्याविषयी मत बनवतात आणि त्यानुसार त्याच्याशी वागतात. हे मत बहुधा लिहिले जात नाही. त्यामुळे प्रवासवर्णनात आपणांस भेटीची एकच बाजू वाचावयास मिळते.

आपण जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात राहत असाल, तर ही दुसरी बाजू आपल्या परिचयाची आहे. अजिंठ्याकडे निघालेले परदेशी पर्यटक जळगाव स्थानकावर उतरताना आपण पाहिले असतील. कदाचित त्यांना वाटही दाखवली असेल. उद्या आपण स्वतः नोकरीनिमित्त किंवा सहलीसाठी दूरदेशी जाल, तेव्हा तेथील लोक आपल्याकडे असेच पाहतील. म्हणून या घटकाचा विषय वाङ्मयाच्या अभ्यासाइतकाच आपल्या वागण्याशीही निगडित आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ शब्दांतून दिसणारे नाते

बाहेरून आलेल्या माणसासाठी मराठीत अनेक शब्द आहेत : पाहुणा, अतिथी, वाटसरू, मुशाफर, यात्रेकरू, परका, उपरा, परदेशी, पर्यटक. हे शब्द समानार्थी वाटले, तरी प्रत्येकातून वेगळे नाते सूचित होते. ‘पाहुणा’ हा शब्द संस्कृतातील ‘प्राघुण’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आला. अहिराणीत तोच ‘पाव्हना’ होतो. पाहुण्याला यजमान असतो. यजमानाशिवाय पाहुणा ही कल्पनाच संभवत नाही. ‘वाटसरू’ला यजमान नसतो, पण पाणी मागण्याचा हक्क असतो. ‘यात्रेकरू’ देवाच्या नावाने येतो, म्हणून त्याला अन्न देणे हे पुण्य मानले जाते. मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणाऱ्या संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबरचे वारकरी ज्या गावी थांबतात, तेथील लोक त्यांची नावे-गावे न विचारता त्यांना जेवू घालतात.

‘परदेशी’ या शब्दाचा अर्थ तर काळानुसार पालटत गेला आहे. जुन्या मराठीत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या माणसालाही परदेशी म्हणत. खानदेशात हे आडनाव असलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. एकेकाळचा परका माणूस याच मातीतला होतो आणि त्याच्या परकेपणाची खूण केवळ आडनावात उरते, हे या उदाहरणावरून दिसते.

या शब्दांच्या आधारे प्रवाशाकडे पाहण्याच्या चार दृष्टी मानता येतात. स्थानिकांना तो पाहुणा वाटतो, परका वाटतो, साहेब वाटतो किंवा गिऱ्हाईक वाटतो. एकाच प्रवाशाकडे एकाच दिवशी या चारही दृष्टींनी पाहिले जाऊ शकते.

५.३.२ खानदेशच्या वाटेवरील प्रवासी

खानदेश हा पूर्वीपासून वाटेवरचा प्रदेश आहे. गुजरात, माळवा आणि दख्खन यांना जोडणारे मार्ग येथून जात. सुरतेच्या बंदरात उतरलेले युरोपीय व्यापारी आणि वकील उत्तरेकडे जाताना नंदुरबार-बुऱ्हाणपूर हा मार्ग अनेकदा स्वीकारत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच मार्गाने बुऱ्हाणपूरला पोहोचला आणि शाहजादा परवेझच्या दरबारात गेला. दरबारी रिवाजाप्रमाणे जमिनीला डोके टेकवण्यास त्याने नकार दिला. आपण एका राजाचे प्रतिनिधी आहोत, ही त्याची भूमिका होती. मोगल दरबाराच्या दृष्टीने मात्र तो व्यापाराची सवलत मागण्यासाठी दूरदेशाहून आलेला एक अर्जदार होता. प्रवाशाची स्वतःविषयीची कल्पना आणि स्थानिकांची त्याच्याविषयीची कल्पना यांत किती अंतर असू शकते, हे या प्रसंगातून लक्षात येते. त्या वेळी सत्ता यजमानाकडे होती, हेही ध्यानात ठेवावे.

मराठी गद्यातील एक महत्त्वाचे उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. कोकणातील वरसई गावचे हे भिक्षुक दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. हा वृत्तांत १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. भटजी ज्यांच्याकडे उतरले, त्यांच्या दृष्टीने ते आदरणीय अतिथी होते. लुटारूंच्या आणि झाशीत शिरलेल्या सैनिकांच्या दृष्टीने ते गाठीला पैसे असलेली एक अनोळखी असामी होते. माणूस तोच असला, तरी त्याला मिळणारी वागणूक पाहणाऱ्याच्या गरजेनुसार आणि सत्तेनुसार बदलते.

५.३.३ अजिंठ्याची वाट : साहेब ते गिऱ्हाईक

अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. परंतु रेल्वेने येणाऱ्यांसाठी जळगाव हेच त्यांचे प्रवेशद्वार आहे. मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि त्याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरून ठेवली. या घटनेचे वर्णन ‘अजिंठ्याचा शोध’ असे केले जाते. परिसरात गुरे चारणाऱ्यांना आणि रानात वावरणाऱ्यांना ही लेणी अपरिचित नव्हती. ‘शोध’ हा शब्द बाहेरून येणाऱ्याच्या बाजूचा आहे. साहेबाचे नाव भिंतीवर राहिले. वाटेवरच्या गावांतील एकाही माणसाचे नाव या कथेत निश्चितपणे आढळत नाही.

पुढे १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने येथील चित्रांच्या प्रतिकृती काढण्याचे काम अनेक वर्षे केले. त्यांतील बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. गिल यांचा मृत्यू १८७९ मध्ये झाला आणि त्यांची कबर भुसावळला आहे. स्थानिक स्त्री पारो हिच्याशी असलेले त्यांचे नाते लोकांच्या स्मरणात राहिले. तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याचा विषय म्हणून हीच कथा निवडली. महानोरांचे पळसखेडे हे गाव याच परिसरातील आहे, ही बाब महत्त्वाची आहे. साहेबाने स्थानिकांना पाहिले आणि लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. शंभराहून अधिक वर्षांनंतर स्थानिक कवीने साहेबाला पाहिले. दीर्घकाळ राहिलेल्या, काम केलेल्या आणि येथेच मातीआड झालेल्या परक्याला परिसराने आपल्या आठवणीत जागा दिली. एका दिवसासाठी येऊन नाव कोरून गेलेल्याला ती मिळाली नाही.

आजचे चित्र निराळे आहे. १९८३ मध्ये ही लेणी जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. फर्दापूरजवळच्या फाट्यावर खाजगी वाहने थांबवली जातात आणि पर्यटक बसने लेण्यांपर्यंत जातात. फाट्यावर गारगोटीचे खडे, माळा, मूर्ती विकणारे विक्रेते परदेशी पर्यटकाला त्याच्या भाषेतील चार शब्द बोलून हाक मारतात. अनेकदा पर्यटकांना ही लगट वाटते. विक्रेत्याच्या बाजूने विचार केल्यास हा मनुष्य तासाभरात कायमचा निघून जाणार आहे आणि हंगामातील कमाईवर घर चालवायचे आहे, ही वस्तुस्थिती दिसते. शिवाय येथे दोन किमती केवळ विक्रेताच सांगत नाही. २०१८ मध्ये ठरलेल्या दरांनुसार पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपये, तर परदेशी पर्यटकांना ६०० रुपये होते. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू होता. परक्याने अधिक द्यावे, हे शासनालाही न्याय्य वाटते. मग विक्रेत्याला दोष देताना आपण कोणता निकष लावतो, याचा आपण विचार करावा.

धुळ्याहून पुढे सातपुड्यात गेल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. नंदुरबार जिल्ह्यातील काठी येथील राजवाडी होळी पाहण्यासाठी दूरदूरचे लोक कॅमेरे घेऊन येतात. आदिवासी बांधवांसाठी तो नवसाचा आणि व्रताचा दिवस असतो. पाहुण्यासाठी ते दृश्य असते. येथे परदेशी पर्यटक आणि जळगाव-धुळ्याचा पर्यटक यांत फारसा फरक राहत नाही. न विचारता टिपलेले छायाचित्र दोघांच्याही कॅमेऱ्यात सारखेच असते. आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी आपणही परके ठरू शकतो.

५.३.४ मराठी माणूस परदेशात

आता नजर उलट दिशेने वळवू. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवीधर झाल्या. रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले. घराबाहेर मात्र त्यांची साडी, आहार आणि धर्म हा कुतूहलाचा विषय होता. आपुलकी आणि कुतूहल या दोन्ही वागणुकी त्यांच्या वाट्याला एकाच वेळी आल्या.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी गेलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे अमेरिकेत व्याख्याने दिली. श्रोत्यांनी त्यांच्याकडे समस्त हिंदू स्त्रियांच्या प्रतिनिधी म्हणून पाहिले. परदेशात प्रवासी एकटा नसतो. त्याच्या देशाविषयी लोकांच्या मनात आधीच तयार असलेले चित्र त्याच्याबरोबर चालत असते. रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात ही दिशा बदलली. ज्या समाजाने त्यांना न्याहाळले, त्या समाजाचे शिक्षण, स्त्रियांच्या संस्था आणि वर्णभेद यांचे त्यांनी परीक्षण केले. पाहिली जाणारी व्यक्ती पाहणारी झाली, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) हेच नाते विनोदाच्या अंगाने येते. येथे लेखक परक्या देशात गोंधळणाऱ्या स्वतःलाच पाहतो. स्थानिकांच्या डोळ्यांना आपण कसे दिसत असू, याची जाणीव हा त्या विनोदाचा एक आधार आहे.

५.३.५ स्थानिकांच्या वृत्तीतील बदल

स्थानिकांची वृत्ती स्थिर नसते. डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्ये तिचे चार टप्पे सांगितले : उत्साह, उदासीनता, चीड आणि वैर. थोडे पर्यटक येतात तेव्हा उत्साह असतो. संख्या वाढली की ते सवयीचे होतात. भाडी, गर्दी, कचरा वाढला की चीड येते आणि शेवटी उघड विरोध सुरू होतो. इटलीतील व्हेनिस शहराने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसवले, ते अशाच ताणातून. पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो, हा आपल्याकडील लोकानुभवही याहून फार वेगळा नाही.

ही मांडणी उपयुक्त असली, तरी तिला एक मर्यादा आहे. ती गावाला एकच मन आहे असे मानते. ज्याचे दुकान आहे तो पर्यटकांचे स्वागत करतो. ज्याची विहीर आटते तो करत नाही. म्हणून ‘येथील लोक प्रेमळ आहेत’ किंवा ‘येथील लोक लुबाडतात’ अशी विधाने प्रवासवर्णनात आढळल्यास ‘कोणते लोक?’ हा प्रश्न विचारावा.

५.३.६ प्रवासवर्णन कसे वाचावे

वरील विवेचनावरून वाचनासाठी पुढील चार प्रश्न निश्चित करता येतात :
१. भेटीच्या वेळी सत्ता व पैसा कोणाकडे आहे?
२. प्रवासी किती काळ राहिला आणि त्याच्यासारखे किती जण येतात?
३. त्याला वागणूक देणारी व्यक्ती कोण, व तिची गरज कोणती?
४. स्थानिकांना नाव आणि बोलणे आहे, की ते केवळ पार्श्वभूमीवर आहेत?

चौथा प्रश्न वाङ्मयीन दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या प्रवासवर्णनात वाट दाखवणारा माणूस बोलतो, त्याचे मत लेखकाच्या मताला छेद देते, ते वर्णन अधिक विश्वसनीय ठरते.

५.४ सारांश

प्रवासी आणि स्थानिक परस्परांना पाहत असतात. प्रवासवर्णनात बहुधा एकच बाजू नोंदली जाते. स्थानिकांच्या नजरेत प्रवासी पाहुणा, परका, साहेब किंवा गिऱ्हाईक असतो आणि ही दृष्टी सत्ता, काळ, संख्या व गरज यांनुसार बदलते. बुऱ्हाणपूरचा दरबार, अजिंठ्याची वाट आणि काठीची होळी ही त्याची खानदेश परिसरातील उदाहरणे होत. पंडिता रमाबाईंनी परदेशात स्वतःवर रोखलेली नजर ग्रंथलेखनातून परतवली.

५.५ शब्दार्थ

वाटसरू : वाटेने जाणारा, पांथस्थ
उपरा : बाहेरून आलेला, आधार नसलेला
भिक्षुक : पौरोहित्य व दक्षिणा यांवर उपजीविका करणारा

५.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘माझा प्रवास’ केव्हा प्रसिद्ध झाला?
२. रॉबर्ट गिल यांची कबर कोठे आहे?
३. डॉक्सी यांनी सांगितलेला दुसरा टप्पा कोणता?

आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. ‘अजिंठ्याचा शोध’ या शब्दप्रयोगाची स्थानिकांच्या बाजूने चिकित्सा करा.
२. आनंदीबाई आणि रमाबाई यांच्या परदेशातील अनुभवांची तुलना करा.

(अ) ची उत्तरे : १. १९०७ मध्ये. २. भुसावळ येथे. ३. उदासीनता.

५.७ उपक्रम

आपल्या गावातील रिक्षाचालक, चहावाला, लॉजचा व्यवस्थापक किंवा यात्रेतील विक्रेता यांपैकी एकाची भेट घ्या. बाहेरगावचा माणूस तो कसा ओळखतो, त्याच्याशी कसा वागतो आणि का, हे विचारा. त्याची परवानगी घेऊन त्याचे म्हणणे शक्यतो त्याच्याच बोलीत दोन पानांत लिहा. नंतर स्वतः केलेल्या एखाद्या प्रवासाचे वर्णन तेथील यजमानाच्या तोंडून लिहून पाहा. दोन्ही लेखन संपर्कसत्रात घेऊन या आणि वरील चार प्रश्नांच्या आधारे त्यांवर चर्चा करा.