बंद घराचा शेजार

मिरग लागायला महिना असतानाच छपराकडे बघायचं, आणि आपल्याआधी शेजारच्या बंद घराच्या. आपली कौलं दरवर्षी चाळून होतात, तरी माजघरात थेंब पडतो आणि सगळे गड्याला बोल लावतात. आपल्या आळीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत. शेजारच्यांनी मुंबई धरली, वांदरांनी त्यांची कौलं सरकवली, आणि तिकडचं पाणी आपल्या भिंतीत शिरतं.

थेंब पडतो तिथेच भोक असतं असं नाही रे पोरा. पाणी रिपेला धरून चालतं, वाशावर उतरतं आणि खिळा नाहीतर गाठ आडवी आली की खाली सुटतं. म्हणून भर दुपारी दिवा न लावता माळ्यावर चढ आणि उजेडाचे ठिपके कुठे दिसतात ते बघ. नाहीच दिसले तर कळशीने पाणी ओत, पण पागोळीकडून सुरुवात करून वर वर सरक. आधीच आढ्यावर ओतलंस तर सगळं भिजेल आणि कळणार काहीच नाही. आत बघायला एक माणूस हवा. भिंतीवरच्या डागाकडेही लक्ष दे. वरून उतरलेला असेल तर छप्पर. जमिनीकडून चढलेला असेल तर पलीकडे पडलेल्या मातीचा ढीग आपल्या जोत्याला टेकलाय. तो ढीग उपसल्याशिवाय रंगावर पैसे घालू नको.

दोन छपरांमधली पन्हळ हे खरं दुखणं. पाला साचतो, पाणी तुंबतं आणि कौलाखालून मागे शिरतं. ती मिरगाआधी एकदा आणि नंतर पावसाने उसंत दिली की पुन्हा साफ करायची. भिंतीच्या सांध्याला सिमेंट थापू नको. दोन्ही घरं आपापली बसतात, सिमेंट तडकतं. भिंतीत खाच पाडून पत्र्याची एक कड आत घाल, दुसरी कौलांवर मोकळी ठेव.

पिंपळाचं रोप पहिल्या पावसानंतर, भिंत ओली असताना उपट. मूळ अख्खं निघतं. नुसतं छाटलंस तर पुन्हा फुटेल. मोठं झालेलं मात्र ओढायचं नाही, चिराच हातात येईल. गडी पिंपळाला हात लावायला कचरतो, तेव्हा ते रोप देवळामागे लावू असं सांग. कामाला लागतो.

पण शिडी लावण्याआधी कागद. पंचायतीत नमुना ८ वर नावं कोणाची आहेत ते बघ. वारस चार निघतील, एक डोंबिवलीला, एक बडोद्याला. पहिल्याच फोनला पैशाचं बोलू नको. त्यांचंच आढं कुजतंय, ते फोटो पाठवून दाखव आणि छपरावर चढायची परवानगी लिहून माग. व्हॉट्सॲपवर दिली तरी जपून ठेव. खर्चाच्या पावत्या ठेव, पण दुरुस्ती केली म्हणून घर आपलं झालं असा सूरही येऊ देऊ नको. तिथे भांडण पेटतं. कोणी उत्तरच देत नसेल आणि भिंत झुकली असेल तर पंचायतीत अर्ज कर, आवक क्रमांकाची पोच घे.

आपल्या पागोळ्या त्यांच्या परसात पडतात, माझ्या लहानपणापासून. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे उघडपणे, हक्काने, न अडवता २० वर्षं चाललेली अशी वहिवाट हक्क ठरू शकते. म्हणून छप्पर बदलताना उतार तोच ठेव. जास्तीचं पाणी तिकडे सोडलंस तर तुझीच बाजू लंगडी पडेल.

आषाढात गळायला लागलं तर शेवाळलेल्या कौलांवर चढायचं नाही, कितीही चीड आली तरी. गळतीच्या जागी वाशाला सुतळी बांध, दुसरं टोक बादलीत सोड. पाणी सुतळीवरून उतरतं, शिंतोडे उडत नाहीत आणि रात्री टपटपीने झोपमोडही होत नाही. विजेच्या बोर्डाजवळ ओल दिसली तर आधी मेन स्विच बंद, बादली नंतर.